आत्याबाईंच्या नावावर

जवळा बाजार या गावात माझं दुकान खताच्या दुकानाच्या वर आहे. जिना चढताना युरियाचा वास येतो आणि वर आलं की प्रिंटरच्या शाईचा. दिवसभर पीकविम्याचे अर्ज, दाखले, आधार-रेशनची जोडणी असली कामं चालतात. त्यांच्या मधूनमधून एक निराळं काम मी बरीच वर्षं करत आले आहे. लोकांच्या वेबसाइटांची नावं जिवंत ठेवायची. आडत्याला, मंगल कार्यालयवाल्याला, डॉक्टरला, कॉलेजच्या अध्यक्षाला, सगळ्यांना कधी ना कधी वेबसाइटची हौस आली. हौस फिटली आणि नाव सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

हे नाव म्हणजे काय, ते सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आलाय. लोकांना वाटतं, एकदा पैसे भरले की नाव आपलं झालं, प्लॉटसारखं. तसं नसतं हो. ते भाड्यानं असतं. नोंदणी करणाऱ्या कंपनीकडं मुदत संपायच्या आत ते पुन्हा घ्यावं लागतं. नाही घेतलं तर मोकळं होतं आणि ज्याला हवं तो उचलतो. एका आडत्यानं मला विचारलं होतं, मग याचा सातबारा कुठं मिळतो? तेव्हा मी हसले होते, पण त्याचं काही चुकलं नव्हतं. कंपनीच्या नोंदीत ज्याचं नाव तो मालक, बाकी कुणाचं काही चालत नाही. आणि आमच्याकडं त्या नोंदीत कुणाचं नाव निघेल याचा नेम नाही. मेहुण्याचं निघतं, कारण तेव्हा घरात ईमेल फक्त त्याच्याकडं होता. नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या क्लार्कचं निघतं. एका संस्थेचं नाव तर अशा गृहस्थाच्या नावावर निघालं की ज्याच्याशी त्या संस्थेचं कोर्टात भांडण चालू होतं.

म्हणून कुणीही जिना चढून आलं की मी आधी एकच विचारते, नोंद कुणाच्या नावावर आहे? उत्तर ठरलेलं असतं, "आपलंच हाय की, ताई." आपलं म्हणजे नेमकं कुणाचं, हे हुडकण्यात माझी निम्मी उमर गेली. पूर्वी मी चिडायचे. आता चिडण्याइतकाही जीव राहिला नाही. डोकं धरून बसते आणि कंपनीला फोन लावते.

त्या बाई आल्या तेव्हा बाजारचा दिवस होता. खाली सोयाबीनच्या गाड्या एकमेकींत अडकून हॉर्न वाजवत होत्या. मी दार ओढून घेतलं होतं, तेवढ्यात ते हळूच उघडून त्या आत आल्या आणि "जय भीम, ताई" म्हणाल्या. मी जय भीम म्हणाले आणि खुर्ची पुढं केली. मला त्यांची ओळख पटेना. मग त्यांनी गुरुजींचं सांगितलं तेव्हा लक्षात आलं. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकडच्या एका गावातले हे गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. वर्ष झालं असेल त्यांना जाऊन. या त्यांच्या बायको. मी त्यांना मावशी म्हणायला लागले ते त्या दिवसापासून.

गुरुजींना मी ओळखत होते. निवृत्तीनंतर त्यांनी बौद्ध घरांतल्या लग्नाच्या मुलामुलींसाठी एक वेबसाइट काढली होती, हिंगोली, परभणी, नांदेड एवढ्या पट्ट्यातली. नाव त्यांनी स्वतःच घेतलं होतं, कुठल्यातरी प्रशिक्षणात शिकून आले होते म्हणे. माझ्याकडून फक्त पानं करून घेतली. त्या नावाचा एक ईमेल होता, त्यावर लोक बायोडाटे पाठवायचे. गुरुजी एकेक वाचायचे, दोन्हीकडं स्वतः फोन करायचे, कुणाकडून चहाशिवाय काही घ्यायचे नाहीत. ते गेल्यावर मावशींनी ते काम बंद पडू दिलं नव्हतं. टॅबवर आलेले बायोडाटे बघायला त्या शिकल्या होत्या. फोटो बघून जोड्या लावण्यात त्या गुरुजींपेक्षा वरचढ निघाल्या, असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं.

आता वेबसाइट उघडत नव्हती आणि ईमेलही येत नव्हते. मी पाहिलं. नाव मुदत संपून बंद झालं नव्हतं. कंपनीनं मालकाची ओळख पटवायला सांगितली होती, ती कुणी पटवली नव्हती, म्हणून त्यांनी ते गोठवून ठेवलं होतं. हल्ली सगळीकडं हीच टूम आहे. मालकाचा फोटोवाला ओळखपत्राचा कागद पाठवा, नाहीतर नाव काढून घेऊ. त्यासाठी महिनाअखेरची मुदत दिलेली होती. ते कळवणारे ईमेल गेले असणार गुरुजींच्या स्वतःच्या पत्त्यावर, आणि त्याचा पासवर्ड गुरुजींबरोबर गेला होता.

नाव गेलं तर काय होईल, हे मी मावशींना माझ्या नेहमीच्या कंटाळलेल्या आवाजात सांगायला लागले. म्हणाले, नाव मोकळं झालं की कुणीही घेईल, आणि जो घेईल तो हाच ईमेल पुन्हा सुरू करू शकेल. मावशींनी मला पुढं बोलू दिलं नाही. तो पत्ता विहारांच्या भिंतींवर लागलेला होता, परिचय मेळाव्यांच्या पत्रकांवर छापलेला होता, ग्रुपांवर फिरत होता. लोक पाठवतच राहणार होते.

"म्हंजे पोरींचे फोटो, पत्ते, फोन नंबर भलत्याच्या हाती," त्या म्हणाल्या. "लोकायनं गुरुजीच्या भरवशावर पाठवले व्हते, ताई. आता मी काय तोंड दाखवू?"

माझा कंटाळा तिथं जरा आवरला. पोरीचा फोटो घराबाहेर द्यायला आमच्याकडं आजही दहादा विचार करतात. गुरुजी म्हणजे खात्रीचा माणूस, म्हणून शेकडो घरांनी तो विचार एकदाच केला होता.

कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा हिंदीत गोड बोलत होता. माहिती फक्त मालकालाच देता येईल, म्हणाला. मी म्हटलं, मालक वारले, त्यांच्या पत्नी माझ्यासमोर बसल्यात. तो कागद चाळल्यासारखा थांबला आणि म्हणाला की आमच्या नोंदीत मालक पुरुष नाही, बाई आहेत, त्यांना फोन द्या. मी म्हटलं, याच त्या. त्यानं मावशींना नाव विचारलं. मावशींनी सांगितलं. नाही, म्हणाला, हे नाव नाही. मग न सांगण्याचा नियम विसरून त्यानं नोंदीतलं नाव स्वतःच वाचून दाखवलं आणि विचारलं की या बाई कधी भेटतील?

फोन स्पीकरवर होता. ते नाव ऐकून मावशींचा हात पदराशी गेला तो तिथंच राहिला. मी घाईघाईनं फोन ठेवला आणि विचारलं, कोण या?

"आमच्या आत्याबाई," त्या म्हणाल्या. सासूला त्या आत्याबाई म्हणत. "गुरुजीची माय."

कुठं असतात, असं मी विचारलं, कारण दिवसभर मी हेच विचारत असते. मावशी म्हणाल्या की त्या लग्न होऊन आल्या त्याच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात आत्याबाई गेल्या. म्हणजे गावात टीव्हीसुद्धा आला नसेल तेव्हा.

मग खरं सांगायचं तर मी भडकले. मेलेल्या माणसावर चिडू नये, पण चिडले. म्हणाले, मावशी, दुकानाच्या पाटीवर मातोश्री लिहितात ते ठीक आहे. घराला आईचं नाव देतात, ट्रॅक्टरवर आईची कृपा लिहितात, सगळं मान्य. पण पाटी वेगळी आणि मालकाचा रकाना वेगळा. जन्मभर मस्टर आणि दाखले लिहिलेल्या माणसाला एवढं कळू नये? मावशींनी माझं सगळं ऐकून घेतलं. थकलेल्या बाईचा राग कसा असतो हे त्यांना माहीत असावं. मग त्यांनी सावकाश सांगितलं. आत्याबाई जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात निंदायला गेल्या. कालवा आला तेव्हा गावातली वावरं भिजली, यांना वावरच नव्हतं. राहती जागा सासऱ्याच्या नावावर, त्यांच्यामागून दिराच्या. रेशनच्या कार्डावर नाव होतं ते सगळ्यांत खाली. गुरुजींना पहिला पगार मिळाला तेव्हा आईच्या नावावर एक वावर घ्यायचं त्यांच्या मनात होतं, पण तोवर तिचं दुखणं निघालं आणि पगार दवाखान्यात गेला.

"एकदा मला म्हणले व्हते, आईच्या नावावर घेऊन ठेवलंय बरं का," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, विहाराला काही दिलं असंल. मी बी पुसलं न्हाई."

मी खाली हाक मारून चहा सांगितला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या खेपा सुरू झाल्या. मावशी सकाळच्या गाडीनं यायच्या, दुपारपर्यंत बसायच्या. खालच्या खतवाल्यानं सल्ला दिला की त्याच नावाची दुसरी एखादी म्हातारी गाठा आणि तिचं आधार लावून टाका, काय फरक पडतो. आमच्याकडं असल्या सल्ल्यांना तोटा नाही. मावशी त्याला म्हणाल्या की मग ती म्हातारी मालकीण होईल, आत्याबाई नाही. मी मृत्यूचा दाखला काढायला सांगितला. दाखला आणि वारसाचा कागद दिला की नाव वारसाकडं जातं, ही रीत मला पाठ होती. ग्रामपंचायतीच्या जुन्या रजिस्टरात नोंद सापडेपर्यंत मावशींच्या नाकी नऊ आले, पण दाखला घेऊन त्या आल्या. मी तो स्कॅनरवर ठेवला आणि तारखेवर नजर गेली तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

दाखला खरा होता आणि तोच आमचा घात करणार होता. बाई मेल्या त्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांच्या नावावर नोंद झालेली. कंपनी म्हणणार, मेलेली बाई नोंद कशी करेल? मालकाची माहिती खोटी दिली तर नाव सरळ रद्द, असा त्यांचा नियमच आहे. मी ते मावशींना सांगितलं तेव्हा त्यांनी दाखला उचलून त्याची घडी घातली. "खरं दाखवलं तर जातंय, खोटं आपल्याला दाखवायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "मंग करावं काय माणसानं?"

एकच वाट उरली होती. गुरुजींच्या स्वतःच्या ईमेलात शिरायचं. तिथून कंपनीचं खातं उघडलं की मालक बदलता येतो, आणि मग ओळख पटवायची ती नव्या मालकाची, म्हणजे मावशींची. बायकोच वारस, त्यात लपवाछपवी काही नव्हती. पण पासवर्ड बदलायचा तर ओटीपी जाणार गुरुजींच्या मोबाइलवर. गुरुजी गेल्यावर त्या नंबरात कुणी रिचार्ज मारला नव्हता. मारायचा असतो हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मी तो नंबर फिरवला. रिंग गेली आणि कुणीतरी उचलला. मावशी ताडकन उभ्या राहिल्या.

नंबर दुसऱ्याला गेला होता. बोलणारा सांगलीकडचा, टेम्पो चालवणारा कुणी होता. मी विषय काढताच तो म्हणाला, ओटीपी मागणाऱ्यांना आपण ओळखतो, आणि फोन ठेवला. त्याचं चुकलं नाही. मी स्वतः माझ्या दुकानात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय की ओटीपी कुणालाही सांगू नका. मावशी म्हणाल्या, पुन्हा लावा, मी बोलते.

"बाबा, तुजा नंबर आदी आमच्या गुरुजीचा व्हता," त्या म्हणाल्या. "लग्नं जुळवायचे ते."

मग तो माणूस असा काही सुटला की मी आवाज कमी केला. नंबर घेतल्यापासून चार-पाच महिने त्याला स्थळांचे फोन येत होते. सकाळ नाही, संध्याकाळ नाही. मुलगी बीएस्सी आहे, उंची पाच तीन, सर तुम्ही बघा. मुलगा तलाठी आहे, सर काही झालं का? सुरुवातीला तो राँग नंबर म्हणायचा. पुढं पुढं लोक रडवेले व्हायला लागले तेव्हा त्याला तेही म्हणवेना. सर बाहेरगावी गेलेत, एवढंच सांगायचा. "मावशी, सर वारले व्हय?" तो म्हणाला. "मला कुणीच सांगितलं नाही." त्यानं गाडी बाजूला घेतली, मी ओटीपी मागवला आणि आलेले आकडे त्यानं एकेक करून वाचून दाखवले. वर सांगितलं की मी स्वतः अजून बिनलग्नाचा आहे आणि दुसऱ्यांच्या सोयरिकीचे फोन घेतो. मावशी म्हणाल्या, तुझा बी बायोडाटा पाठव. त्यांनी त्याची जात विचारली नाही. लग्न जुळवणाऱ्या बाईनं जात न विचारता बायोडाटा मागितलेला मी तेव्हाच पाहिला, त्याआधी नाही आणि नंतरही नाही.

ईमेल उघडला, खातं उघडलं. मालकाच्या रकान्यात आत्याबाईंचं नाव होतं, नवऱ्याच्या नावासकट आणि आडनावासकट, गुरुजींनी नीट टाइप केलेलं. मावशींचं नाव त्यांच्या आधारप्रमाणे लिहून मी पुढं पाठवलं. वाटलं, संपलं एकदाचं. पण कंपनीची रीत अशी की मालक बदलताना जुन्या मालकाची परवानगी लागते. ती मागणारा ईमेल त्याच पेटीत येऊन पडला. मला ती रीत ठाऊक होती. शेकडो वेळा मी ते बटण न वाचता दाबलेलं आहे. त्या दिवशीही दाबलं असतं, पण मावशींनी विचारलं की हे काय आलं?

मी मराठीत सांगितलं. नावानिशी नमस्कार, मग लिहिलेलं की तुमच्या मालकीचं हे नाव दुसऱ्या व्यक्तीच्या नावावर करण्याची विनंती आमच्याकडं आली आहे. तुमची संमती असेल तर खाली दाबा.

"तुमच्या मालकीचं, असं लिवलंय?"

मी हो म्हटलं.

"पुन्ना वाचा."

मी पुन्हा वाचलं. बाईंचं पूर्ण नाव घेऊन वाचलं. आत्याबाईंना कुणी कागदानं नमस्कार घातल्याचं मावशींना आठवत नव्हतं.

वाचताना मला औंढ्याचं रजिस्ट्री ऑफिस आठवलं. वडील गेल्यावर भाऊ मला जीपमधून तिथं घेऊन गेले होते. बहिणीनं वावरातला हिस्सा सोडायचा असतो, सगळ्याच बहिणी सोडतात. साहेबानं विचारलं, राजीखुशीनं करताय ना? मी हो म्हणाले. नंतर भावांनी साडी घेतली आणि जिलेबी खाऊ घातली. त्या साहेबाच्या आवाजात आणि या ईमेलात मला काही फरक दिसेना. हे मी मावशींना सांगून टाकलं, का कोण जाणे. त्या म्हणाल्या, "हक्कसोड. आमच्यात त्याची बी पाळी येत न्हाई, सोडायला असतंय काय?"

दाबावं तर लागणारच होतं. महिना संपत आला होता. न दाबावं तर नाव आत्याबाईंचं राहील, चार दिवस, आणि मग पोरींचे फोटो कुणाच्या हाती जातील ते देव जाणे. मावशी दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडं बघत होत्या. मी माउस त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी आधी पदरानं बोटं पुसली.

"आत्याबाई, तुमच्या नावावरून काढून राहिले," त्या म्हणाल्या. "लेकरायसाठी हाय. रागवू नका."

आणि दाबलं.

त्यांचं आधार पाठवलं, ओळख पटली. दुसऱ्या दिवशी दुपारी नाव सुटलं. अडकून पडलेले बायोडाटे एकामागून एक टॅबवर यायला लागले. एकीच्या बायोडाट्याखाली लिहिलेलं होतं, गुरुजी, फोटो फक्त तुमच्यासाठी आहे, पुढे पाठवू नये. मावशींनी तो फोटो उघडला आणि लगेच मिटला. कुणाला कुठं सांगायचं ते मनाशी बोलू लागल्या. माझं काम झालं होतं. दमून मला नुसतं झोपावंसं वाटत होतं.

मी त्यांना खाली सोडायला गेले. जिन्यात युरियाचा वास भरला होता. कठड्याला धरून त्या अर्ध्यावर थांबल्या. मला वाटलं, धाप लागली.

"ताई," त्या म्हणाल्या, "आत्याबाईच्या नावावर जलमभर काही झालं न्हाई. मेल्यावर एक झालं, तर त्याचा बी हक्कसोड घेतलाच आपण तिच्याकडून."